दोघांपुरतं बीळ

८ जानेवारी. आज संग्रहालयातल्या काचा पुसायच्या होत्या. डायिक्टोडॉनच्या काचेपाशी एक नवं जोडपं उभं होतं, म्हणून मी फडकं हातात धरून थांबले. हा डायनासोरच्याही आधीचा, सस्तन प्राण्यांचा दूरचा नातलग. मांजराएवढा, आखूड पायांचा, चोचीचा. जमिनीत जिन्यासारखं वळत जाणारं बीळ खणायचा. आमच्याकडे त्या बिळाची प्रतिकृती आहे आणि तळाशी अंग मुडपून पडलेले दोन सांगाडे.

त्यांच्या बोलण्यावरून कळलं, दोघं भाड्याची खोली बघून आली होती. त्याला ती पसंत होती. तिचं अजून ठरत नव्हतं.

“अहो, यांना किती खोल्या?” तिनं विचारलं.

“एकच. तीही तळघरात.”

“आणि झोपलेत बघा पाठ करून. भांडले असणार.”

“आधी पाठ कुणी फिरवली, ते विचारू नकोस.”

ती मोठ्यानं हसली. मला एरवी एवढंच आठवायचं, की पुराचा गाळ आत शिरला आणि ते मेले. पण त्याआधी रोज ऊन तापलं की पोटभर मुळं खाऊन दोघं या गारव्यात उतरत असणार. चोच आणि नखं एवढ्याच अवजारांवर केवढं नेटकं घर! काच न पुसताच मला लख्ख दिसलं.

“घेऊन टाकू ती खोली,” ती म्हणाली. “पण पलंग नको. अंथरूण गुंडाळलं की जागा होते.”

९ जानेवारी. आज सकाळी मी हत्तीच्या दालनातलं बाकडं ओढत आणून त्या काचेसमोर ठेवलं. कुणाच्या घरी गेलं, तर घटकाभर टेकावं.