वहिनीच्या कुकरची शिट्टी

नेटका संसार करणाऱ्या बायका सोलापुरात गल्लोगल्ली सापडतील. पण तितक्याच नेटकेपणानं संसार मोडणारी बाई मी एकच पाहिली, ती म्हणजे आमची वहिनी. ती माझ्या चुलतभावाची, म्हणजे दादाची, बायको. होती, असं म्हणायला पाहिजे; पण नवरा सोडताना तिनं वहिनीपण सोडल्याचं मला कुणी कळवलं नाही, त्यामुळं मी अजून वहिनीच म्हणतो आणि ती मला भाऊजी म्हणते. दादा वाईट माणूस नव्हे. त्याला नाही म्हणता येत नाही, एवढंच. एका मित्राच्या टॉवेलच्या धंद्यासाठी त्यानं राहतं घर बँकेकडं गहाण टाकलं आणि वहिनीला सांगायचं राहून गेलं. तिला ते कळलं वसुलीला आलेल्या माणसाकडून. तिनं त्याला पाणी दिलं, चहा दिला, जाताना उन्हाचं जपून जा म्हणाली, आणि मग दादाकडं वळली. "पैसे गेले त्याचं मला काही नाही. पण माझ्या डोक्यावरचं छप्पर तुम्ही दुसऱ्याला देऊन बसला होता आणि मी त्याच छपराखाली तुम्हाला गरम भाकरी वाढत होते, ह्याचा मला लई राग आलाय." दादा 'बरं' म्हणाला. अवघड प्रसंगी तो तेवढंच म्हणतो.

घर कर्जात अडकलेलं, त्यामुळं वाटणीला भांडीकुंडीच उरली. पंच म्हणून मला बोलावलं. वहिनीनं नियम घातला : ज्यानं जे आणलं, ते त्याचं. फुकटचं कुणाचं काही नको. आता कुकर तिच्या माहेरचा, पण त्याची मूळची शिट्टी मोरीत वाहून गेलेली आणि नवी दादानं बाजारातून आणलेली. म्हणून कुकर तिला, शिट्टी दादाला. मिक्सर तिचा, त्याची भांडी दादाची. खाट तिची, गादी दादाची. छत्री कुणी आणली ते दोघांनाही आठवेना, म्हणून ती मला मिळाली. मी म्हणालो, "अहो वहिनी, शिट्टीशिवाय कुकर काय कामाचा?" ती म्हणाली, "आणि कुकरशिवाय शिट्टी काय कामाची, हे तुमच्या दादाला विचारा." दादा तिथंच बसला होता. मी विचारलं नाही. लेक पुण्यात दिलेली, ती बोलावत होती. पण वहिनीचं म्हणणं, जावयाच्या घरी मी आठ दिवसांची पाहुणीच बरी. तिनं पोत्यात भांडी भरली, रिक्षा बोलावली आणि जाताना दादाला गॅस बंद करायची आठवण करून गेली.

वहिनी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात जाते. खिसे आणि कॉलर, एवढंच तिचं काम. पण त्या खिशात दगड भरले तरी उसवणार नाही. ह्या धंद्यात शाळा उघडायच्या आधी हाताला उसंत नसते आणि नंतर हाताला काम नसतं. त्यावर वहिनीनं उपाय काढला. सीझनमध्ये मजुरी हातात आली की ती पुढचं सगळं भाडं एकदम मालकाच्या हातात ठेवते. "पैसा माझ्याकडं पाहुणा म्हणून येतो," ती म्हणते, "उठून जायच्या आत त्याला कामाला लावलेलं बरं." भाडं थकवणाऱ्या भाडेकरूची घरमालकांना सवय असते, पण असल्या भाडेकरूचं त्यांना भ्यावच वाटायचं. सगळं भाडं आगाऊ देणारी बाई म्हणजे नक्की काहीतरी करून आली असणार, असं एकानं मला बाजूला घेऊन सांगितलं.

तिची घर बघायची तऱ्हाही वेगळी. आमच्याकडं नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येतं. मालक हॉल दाखवत असायचा, देवघराची दिशा सांगत असायचा, आणि वहिनी पदर खोचून गच्चीवरच्या शिडीवर चढलेली असायची. आधी टाकी. आत डोकं घालून ती हाताच्या वितीनं खोली मोजायची. "लग्नात पत्रिका बघितली, पगार बघितला, टाकी कुणीच बघितली नाही," ती शिडीवरून सांगायची. "एकदा फसले ते बास झालं." मग खाली आल्यावर मालकाचा ठरलेला प्रश्न यायचा, मिस्टर कुठं असतात?

"इथंच, जुळे सोलापूर भागात."

"तब्येत वगैरे बरी आहे ना?"

"झकास आहे."

"मग तुम्ही इकडं कशा?"

"म्हणूनच माझीही बरी आहे."

एवढ्यावर निम्मे मालक गार व्हायचे. जे व्हायचे नाहीत ते अकरा महिन्यांचा करार करायचे, आणि तो संपला की त्यांना काहीतरी सुचायचं. पहिल्याच्या पुतण्याचं लग्न निघालं. दुसऱ्याला वहिनीच्या घरच्या शिलाई मशीनच्या आवाजानं चक्कर येऊ लागली. तिसऱ्या घरची मालकीण मात्र प्रामाणिक होती. ती म्हणाली, "तुमचं काही वाईट नाही हो, पण आमची सून तुमच्याकडं लई बसायला लागलीय." दर वेळी पोती भरायची, टेम्पो आणायचा. आणि दर घरात बिनशिट्टीचा कुकर, तासभर फसफसणारी डाळ, दुप्पट गॅस. मी न राहवून एक नवी शिट्टी नेऊन दिली, तर तिनं मला दुकानात परत पाठवलं. "भाऊजी, बाळ नऊ महिन्यांत होतं आणि माझं घर अकरा महिन्यांत संपतं. ज्या घरात मला बारावा महिना लागेल, तिथं शिट्टी माझी मी घेईन. तोवर ह्याला पातेलं म्हणा." मी हसलो, पण घरी येईपर्यंत त्या हसण्याची मला लाज वाटायला लागली.

चौथं घर कुर्डुवाडीच्या एका म्हाताऱ्याचं. रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, राहायला तिकडंच. सोलापुरात त्याच्या एका अंगणाभोवती चार खोल्या. त्याची अट एकच, पाव्हण्यांतला कुणीतरी जबाबदार माणूस दाखवा. आता आमच्या आईनं घरात ताकीद दिलेली, की तिच्या भानगडीत पडायचं नाही, दादाला काय वाटेल? मी शेंगाची चटणी आणायला जातो म्हणून निघालो आणि तिथं पोचलो. वहिनी अर्थातच शिडीवर होती. म्हाताऱ्यानं मला खालून वर न्याहाळलं.

"तुमी कोन ह्यांचे?"

भाऊ म्हणावं तर खोटं, ओळखीचा म्हणावं तर भलतंच. शेवटी म्हणालो, "दीर."

"म्हंजे नवऱ्याकडचे? पर नवऱ्याला सोडलंय म्हनल्या की ह्या."

"नवऱ्याला सोडलंय," टाकीतून आवाज आला. "दिराशी माझं भांडण नाही. आणि टाकीला झाकण नाही तुमच्या."

म्हाताऱ्यानं डोकं खाजवलं आणि किल्ली दिली. मी मात्र चटणी न घेता घरी गेलो आणि आईच्या तावडीत सापडलो.

अकरावा महिना संपत आला तसा म्हाताऱ्याचा फोन आला, उद्या सकाळी येतो म्हणून. वहिनीनं मला कळवलं, "टेम्पो बघून ठेवा." एवढंच. एरवी तिच्या फोनला दोन तरी टोमणे असतात. मी पोचलो तर भांडी पोत्यात भरून दाराशी ठेवलेली, कुकर सगळ्यांत वर, आणि वहिनी खाटेच्या कडेला पाहुण्यासारखी बसलेली. म्हातारा अंगणात उभा राहून टाकीकडं बघत होता. टाकीला झाकण होतं. पत्रा कापून वहिनीनंच बसवलेलं. पाणी यायच्या दिवशी चारी खोल्यांच्या पाळ्याही तीच लावायची, आणि पाळी चुकवणाऱ्याला स्वतःच्या हंड्यातलं पाणी देऊन लाजवायची.

"आधी दर पाचव्या दिशी मला फोन," म्हातारा म्हणाला. "ह्यानं जास्त भरलं, त्यानं मोटार लावली. औंदा येक फोन न्हाय. म्हनलं, भाडेकरू हायती का गेली, बघून यावं." मग त्याला पोती दिसली. "आन् हे कशापायी?"

"करार संपतोय."

"कागद संपतोय की. तुमी ऱ्हावा. सोलापूर सोडायचं आसंल तर सांगा, मलाबी टाकी इकावी लागंल."

तो गेल्यावर वहिनीनं कुकर उचलून ओट्यावर ठेवला. माझ्याकडं पाठ होती. "भाऊजी," ती म्हणाली, "मी लई भ्याले होते." मी टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगायला बाहेर गेलो आणि मुद्दाम जरा वेळानं परत आलो.

संध्याकाळी दादाकडं गेलो. तो अजून बँकेचे हप्ते फेडतो, खाणावळीत जेवतो. फरशीवर ती गादी आणि स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली ती शिट्टी. बाकी सगळं तिथं रिकामंच वाटतं. वहिनीला बारावा महिना लागतोय आणि आता तिच्या कुकरला शिट्टी बसणार, असं मी सांगितलं. तो उठला, शिट्टी काढली, धुतली, टॉवेलनं पुसली आणि माझ्या हातात दिली. "तिला दे. पण आधी विचार, घेणार का म्हणून. न विचारता काही करायचं नाही आता."

बाराव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी मी गेलो. अंगणात पाऊल टाकलं आणि आतून शिट्टी झाली. चांगली लांबलचक, चारी खोल्यांना ऐकू जाईल अशी. वहिनीनं सकाळीच दुकान गाठलं होतं. तरी मी खिशातली शिट्टी काढून विचारलं. तिनं ती हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि माझ्या हातात परत ठेवली. "त्यांनी आधी विचारलं, हे मला आवडलं. त्यांना नक्की सांगा. पण शिट्टी त्यांची आहे, त्यांना देऊन टाका." मग तिनं मला वरणभात वाढला. डाळ लोण्यासारखी शिजली होती.

वहिनीला आवडलं, हे मी दादाला सांगितलं. तो इतका खूश झाला, की पुढचं काही विचारलंच नाही, आणि मलाही खिशात हात घालवला नाही. ती शिट्टी माझ्या कपाटात आहे, त्या छत्रीशेजारी. वहिनीला वाटतं ती दादाच्या खिळ्यावर आहे, दादाला वाटतं ती वहिनीच्या कुकरवर आहे. कधीमधी दादा विषय नसताना विचारतो, "आता तिची डाळ लवकर शिजत असेल, नाही रे?"

"शिजते की," मी म्हणतो.