आईच्या कबरीवरची कुंडी

ईस्टरच्या पहाटे आमची मंडळी उपासनेला कबरस्तानात जमते. यंदा गेलो, तर शांताआत्या आतोबांच्या कबरीवरची झेंडूची कुंडी बाजूला सरकवत होती.

"कशाला गं, आत्या?"

"प्रभू हाक मारेल तेव्हा उठताना पायात यायला नको त्यांच्या."

मी हसलो. विहिरीत पडलेली म्हैस मी एकट्यानं शेपटीला धरून वर काढली, हे मी साऱ्या गावाला 'खरोखर, खरोखर' म्हणत पटवलंय, त्यामुळे थापेतलं मला कळतं. पण आत्या थाप मारत नव्हती. पदराला हात पुसत ती माझ्याकडे वळली.

"तुझ्या आईवर केवढं ओझं ठेवलंयस, लबाडा! काढ की."

शेजारच्या आईच्या कबरीवरची कुंडी मी उचलली. चार बैलांना हलली नसती, एवढी जड. छातीशी धरली आणि तिथेच अडकलो. परत ठेवावी, तर आईला मीच खाली दाबून ठेवल्यासारखं होणार. बाजूला ठेवावी, तर ती उठणार हे मी मानलं पाहिजे. गावाला काहीही पटवणाऱ्या मला स्वतःला एवढं एक पटवता येईना, आणि ते खरं असावं म्हणून जीव तर तुटत होता.

"प्रभू उठला आहे!" पाळकसाहेबांनी आवाज दिला.

"खरोखर उठला आहे!" सगळे गरजले. माझं सगळं 'खरोखर' त्या म्हशीवर खर्च झालं होतं.

उजाडलं. माणसं चहाकडे वळली.

"अरे, ठेव की आता," आत्या म्हणाली.

"कुठे ठेवू, आत्या?"

एवढं मात्र मी थाप न मारता विचारलं.