मामीची वेणी आणि कलर मास्तर

केसांचं रसायन माझ्या मामांइतकं कळणारा माणूस अख्ख्या सुरतेत नाही, आणि ते इतकं उशिरा कळलेलाही दुसरा कोणी नसेल.

मामा पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कलर मास्तर. मी केस स्ट्रेट करून आले, तेव्हा त्यांनी माझा एक ओला केस ताणून पाहिला आणि सुतकी चेहऱ्याने म्हणाले, "केसमा गंधकना टाका ऱ्हातस, पोरी. पार्लरवालीनी ते उसवीसन नवा घाल्या." कंडिशनरला ते फिनिशिंग म्हणतात: वरून मऊ, आत सूत तेवढंच कच्चं. रस्त्याने जाताना पार्लरात ब्लीचची वाटी दिसली की हे काचेच्या दारातून डोकं घालून ओरडणार, "बेन, ये पॉलिस्टर नहीं, रेशम है!" आम्ही तोवर पुढच्या दुकानापर्यंत पोचलेले असतो.

हे शहाणपण आलं ते मामीच्या वेणीपायी. कंबरेपर्यंतची वेणी, आणि सुट्टीच्या दिवशी तिला तेल लावायचं काम मामांचं. धुळ्याला मामीच्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं, तेव्हा मामीला पांढरे केस काळे करायचे होते. "घरमा मास्तर शे, मंग पार्लर कशाले?" म्हणत मामांनी मिलच्या सवयीने आधी केस सोड्याच्या कढत पाण्याने धुतले, तेलाचा अंश राहू नये म्हणून. पॉलिस्टरच्या कापडाला आयुष्यभर तेच केलेलं. रंग असा चढला की मामी आरशासमोरून हलेना. दुसऱ्या दिवशी मात्र केस फणीबरोबर तुटून हातात येऊ लागले. मामी रडली नाही. तिने मानेपर्यंत केस कापून घेतले, लग्नाला गेली नाही, आणि मामांच्या हातून तेलाची वाटी काढून घेतली.

त्यानंतर मामा शिकले, की मेलेला केस कशानेच जिवंत होत नाही. मुळातून नवा येईपर्यंत थांबायचं. दोन वर्षं थांबले. दर सुट्टीला तेल कोमट करून मामीजवळ ठेवायचे आणि ती स्वतः लावत असताना तिच्या पाठीकडे बघत बसायचे. मला ते बघवत नसे.

गेल्या महिन्यात मी तिथेच होते. मामीची आता वीतभर वेणी होते. तिने वाटी मागे मामांकडे सरकवली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "मागे मना हात पुरस नही."

मामा उठून मोरीत गेले. नखांतला निळा रंग साबणाने घासत राहिले, इतका वेळ की तेल गार झालं. मामी तशीच पाठ करून बसून होती.