आबांच्या जाळ्याचं शिसं

लग्न होऊन मी तळेगावातून इंदुरीला आले. सासरे भातशेती करायचे आणि सवड मिळाली की इंद्रायणीत जाळं टाकायचे. आम्ही त्यांना आबा म्हणतो. त्यांचं बोलणं अगदी कमी. माझी लेक मात्र रांगायला लागल्यापासून त्यांच्याच मागे. ते परसात जाळं घेऊन बसले की हीही त्यांना खेटून बसायची.

अडीच वर्षांची झाली तरी ती मोजकेच शब्द बोलायची. खाणं कमी झालं, पोट धरून रडायची, सारखी चिडायची. वडगावच्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन कमी होतंच, पण शंका आली म्हणून त्यांनी शिशाचीही तपासणी करून घेतली. रक्तात शिसं बरंच जास्त निघालं. मग त्यांनी मला एकेक विचारलं. भिंतींच्या जुन्या रंगाचे पोपडे पडतात का, काजळ कुठलं घालता, भांड्यांना कल्हई कोण करतं, घरातलं कोणी बॅटरीच्या कामाला जातं का. मला काहीच सापडेना. घर नवं होतं, नवरा बँकेत. तरी घरी येऊन मी काजळाची डबी फेकून दिली, पितळेची पातेली माळ्यावर चढवली.

त्याच आठवड्यात कपडे वाळत घालायला परसात गेले. आबा जाळं पाण्यात बुडावं म्हणून त्याच्या कडेला गोळ्या बसवत होते. चीर दिलेली गोळी दोरीवर ठेवायची आणि दातांनी दाबून मिटवायची. शेजारी बसलेल्या लेकीनंही एक गोळी तोंडात घेतली होती आणि आबांसारखीच मान वाकडी करून ती चावत होती.

मी बोट घालून गोळी काढली. आबांना विचारलं, "या कशाच्या?"

"शिशाच्या. भंगारातल्या बॅटरीचं आनतो, हितंच चुलीवर वितळवतो."

डॉक्टरबाई जे बोलल्या ते मी त्यांना सांगितलं. आवाज चढू नये म्हणून हातातला टॉवेल पिळत राहिले. आबांनी सगळं ऐकलं. मग उठून लेकीला नळाखाली नेलं आणि तिचे हात साबणानं धुतले, नखांतून, बोटांच्या बेचक्यांतून. बराच वेळ धूत राहिले.

जाळं शेतावरच्या खोपीत कुलपात गेलं. चुलीजवळची माती नवऱ्यानं ओली करून खोदली, पोत्यांत भरून हलवली आणि वर फरशी घातली. आबांचंही रक्त तपासलं, त्यात शिसं लेकीपेक्षाही जास्त निघालं. स्वतःचं त्यांनी नीट ऐकूनही घेतलं नाही. एवढंच विचारलं, "पोरीच्या डोक्यावर परिनाम हुईल का?"

"आत्ताच सांगता येत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "शिसं हळूहळू उतरेल. पोटभर, चांगलं खाऊ घाला. आणि तिच्याशी भरपूर बोला."

ते आबांनी मनावर घेतलं. दिवसात चार वाक्यं न बोलणारा माणूस सकाळपासून तिच्याशी बोलू लागला. आमटीत भाकरी कुस्करताना, केस विंचरताना, बांधावरून चालताना. ह्यो खंड्या, ह्यो बगळा, हे बग खेकड्याचं बीळ. सुरुवातीला ती नुसती बघायची. त्यांचं चालूच. संध्याकाळपर्यंत त्यांचा घसा बसायचा.

प्रत्येक तपासणीत आकडा थोडा खाली येतो. अजून पुरता उतरलेला नाही, आणि पुढचं डॉक्टरबाईही खात्रीनं सांगत नाहीत. लेक आता बालवाडीत जाते. परवा तिथल्या बाईंनी मला थांबवलं. मुलगी खूप बोलते, म्हणाल्या, पण अगदी गावाकडचं. व्हय म्हणते, न्हाई म्हणते. जरा सुधारायला हवं.

मी बरं म्हणाले. घरी येऊन आबांना मात्र यातलं काही सांगितलं नाही.