खळ्यावरचा वाटा

मी रामनगरला स्टेशनरीचं दुकान चालवते. भुताखेतांवर विश्वास ठेवायला सवड लागते, ती मला कधी मिळाली नाही. त्यामुळे हे लिहितानाही संकोच वाटतोय...

बाबा गेल्यापासून आईनं जेवण जवळजवळ सोडलं होतं. दोन घास घ्यायची, ताट सारायची. डॉक्टर म्हणाले, जागा बदलून बघा. मीही थकले होते — दुकान, घर, वर आईच्या मागं ताट घेऊन फिरणं. म्हणून मे महिन्यात गुंदच्या बाजूला, धरणाच्या पाण्याकाठी एक रिसॉर्ट बुक केला. जाहिरातीत ‘प्रायव्हेट बीच’ होता. प्रत्यक्षात पाणी ओसरल्यावर उघडी पडलेली रेताड जमीन!

जाणाऱ्यांसाठी सांगते. शांतता खरी आहे, फोन लागत नाही हे सुखच. पण न्हाणीघर लांब, पंखा लाइटच्या मर्जीवर, आणि बांबूच्या खाटेवर पाठीची पार वाट लागते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई त्या ‘बीच’वर निघाली. एका जागी थांबून तिनं चपला काढल्या, मलाही काढायला सांगितल्या. इथं आमचं खळं होतं, म्हणाली, खळ्यात चपला घालून जात नाहीत. तिचं माहेर धरणात गेलं हे ठाऊक होतं, पण ते नेमकं इथं, हे मला माहीत नव्हतं. ऊन मरणाचं होतं. मी काठावरच्या झाडाखाली जाऊन बसले आणि माझा डोळा लागला.

जाग आली ती मळणीच्या आवाजानं. बैलांच्या गळ्यातल्या घंटा, ताज्या पेंढ्याचा वास... डोळे उघडले तर आई एकटीच उभी, पदराची झोळी धरून. झोळीत भात — टरफलासकट, नवं.

“कुणी दिलं?”

“वाटा दिला. खळ्यावरनं रिकाम्या हातानं कुणाला लावून देत न्हाईत.”

रिसॉर्टवाले महादेवदादा ते दाणे बराच वेळ तळहातावर चोळत राहिले. मे महिन्यात मळणी कसली, म्हणाले, आसपास कुणाच्या शेतात भात उभं नाही. आईनं घरून आणलं असेल म्हणून मी तिची पिशवीही तपासली. पण आमच्या घरी तांदूळ येतो तो दुकानातून, टरफल काढलेला.

संध्याकाळी आईनं ते दादांच्या उखळात स्वतः कांडलं, चुलीवर शिजवलं आणि ताटभर जेवली. मी तोंड फिरवून रडले. तेवढ्यात तिनं दुसरं ताट वाढून माझ्यासमोर ठेवलं.

“तू बी बस. कवाधरनं नीट जेवली न्हाईस, मला दिसत न्हाई व्हय?”

ते दाणे कुठून आले, मला आजही सांगता येत नाही. आईला पुन्हा खोदून विचारायचं होतं. पण ती वाढत होती, आणि मला फार भूक लागली होती.