दोन अवसा

मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडून कारंज्याच्या छोट्या गाडीत बसलो, तेव्हा ट्रंकेत कॉलेजचं पत्र होतं आणि डोक्यात अक्का. आमच्या कॉमर्स कॉलेजानं त्या वर्षी नवीनच टूम काढली होती. विद्यार्थ्यानं दोन महिने एखाद्या पेढीवर पगारी उमेदवारी करायची, मगच परीक्षेला बसायचं. बाकीच्यांनी मुंबई मागितली, मी कारंजा. "कापसाची आवड दिसते," प्रोफेसर म्हणाले. आवड कसली डोंबलाची! वडील वऱ्हाडात पोस्टात असताना अक्काला इकडे दिली, आणि मग बदली होऊन आम्ही साताऱ्याला गेलो. पाच वर्षं तिचं तोंड पाहिलं नव्हतं. तिचं गाव कामरगावच्या वाटेवर, कारंज्याहून चार कोस.

पेढी अडतीची, म्हणजे शेतकऱ्याचा कापूस विकून देणाऱ्यांची. दिवाणजींनी पहिल्याच दिवशी माझी लेखणी बाजूला ठेवली आणि हातात कापसाचा पुंजका दिला. चिमटीत धरून ओढायचा आणि धागा किती लांब, किती चिवट, ते बोटांनी ओळखायचं. मी आठ दिवस सगळ्याच कापसाला उत्तम म्हणत होतो.

"तुमाले सारंच चांगलं दिसून राह्यलं," दिवाणजी म्हणाले. "असं कसं जमन, साहेब?"

हंगामात सुट्टी नाही. बाजार बंद फक्त अवसेला (अमावास्येला). पहिल्या अवसेला कडक इस्त्रीचा सदरा घालून मी सखाराम गाडीवानाकडे गेलो आणि ऐटीत म्हणालो, गाडी जुंप.

"आज? आज अवस हाय, बापू. बैलाच्या मानेवर जू ठेवत नाई कोनी."

"अरे, पण मला सुट्टीच आज आहे!"

"मंग! गाड्याच नाई येत, म्हनून त बाजार बंद. पायी जा ना. चार कोस त हाय."

मी माझ्या नव्या बुटांकडे पाहिलं आणि खोलीवर परत आलो. दिवसभर लोळलो. त्याची लाज आजही वाटते.

नंतर सखारामाबरोबरच अक्काला निरोप धाडला: अवसेला मला सुट्टी असते. 'येतो' म्हणायची हिंमत झाली नाही. न सांगताच तिला कळेल, असं धरून चाललो.

दुसरी अवस म्हणजे माझा कारंज्यातला शेवटचा दिवस. दुसऱ्या सकाळी गाडी होती. पहाटेच निघालो. सडकेनं लांब पडतं म्हणून सखारामानं पांदण (शेतांमधली गाडीवाट) दाखवली होती. काळी माती, वेचून रिकामी झालेली पऱ्हाटी (कापसाची झाडं), तुरीच्या शेंगा वाळलेल्या. एरवी बैलांच्या घुंगरांनी भरलेली वाट त्या दिवशी गप्प होती. बाभळीचा काटा बुटातून आरपार गेला, तरी मी थांबलो नाही.

अक्काच्या दारात तिच्या सासूबाई तूर पाखडत होत्या. मी कोण ते सांगितलं, तर सूप खाली ठेवून बघतच राहिल्या.

"अगं माय! ते त सकायीच निंगाली, शेजारणीसंग, तुमाले भेटाले. सडकेनं."

"माझ्याकडे?"

"भाऊ एका अवसेले आला नाई, आता मीच जातो म्हने."

त्यांनी बळेबळे बसवून कळण्याची भाकर (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा वाढला. चार घास खाल्ले आणि सडकेनं परत पळत सुटलो. समोरून येणाऱ्या प्रत्येक लुगड्याकडे टक लावून पाहत होतो. एकही अक्का नव्हती.

पुढे काट्याचा पाय सुजला; लंगडत, बसत-उठत दिवेलागणीला पेढीवर पोचलो. दिवाणजी ओट्यावरून उठलेच.

"बहीन आली होती तुमची. लई वाट पाह्यली बिचारीनं. तुमी पांदनीनं गेले म्हनलं, त तिकडूनच परत गेली. वाटंत गाठीन म्हने."

खोलीत माझे कपडे धुऊन, घडी करून ठेवले होते. पुरचुंडीत तिळाचे लाडू होते. इस्त्रीच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण शिवलेलं होतं. मी खाटेवर बसलो आणि पोरासारखा रडलो.

साताऱ्याला आईनं दारातच विचारलं, "कशी आहे रे ती? वाळली का?"

सगळं सांगितलं. आईनं ट्रंकेतून सदरा काढला, बटण शोधलं, अंगठ्यानं टाके चाचपले, दोरा किंचित ओढून पाहिला. दिवाणजी कापूस पाहत, तसाच.

"बरी आहे," ती म्हणाली. "घाईत होती फक्त."

कॉलेजात मला अहवालाबद्दल शाबासकी मिळाली. तो सदरा मात्र आईनं पुन्हा मला घालू दिला नाही.