ओल्या फडक्याच्या तीनशेवीस पोळ्या

शुद्धलेखनाची आणि अक्षराची माफी आधीच मागते. चौथीनंतर दोन्हींकडेही कुणी पाहिलं नाही.

वारज्याच्या आमच्या सोसायटीत होळीच्या पुरणपोळ्या मी करून देते. कुणाच्या किती, ते कॅलेंडरच्या मागे लिहायचे. पण मुलगा मंदार पडला आयटीतला!

"आई, कॅलेंडर कसलं? ही ऑनलाइन शीट. लोक घरूनच आकडे भरतील, बदलतील. तू टॅबवर फक्त बघायचं."

बघितलं. आठ घरं, सगळ्यात वर पाटीलबाईंच्या चाळीस, बाकीच्यांच्या चार-सहा. मग टॅबवर पीठ उडालं, म्हणून ओटा पुसता पुसता तोही वरून खाली पुसला. (स्वच्छता हा काय गुन्हा आहे?) थोड्या वेळाने पाहते तर आठही घरांपुढे चाळीस!

सगळ्यांकडेच पाहुणे आले असतील! फोन करून विचारावं, तर परक्यांशी बोलताना माझी जीभ टाळूला चिकटते. त्यापेक्षा नणंदेकडून चार हजार उसने आणले. डाळ, गूळ, तूप!

"वहिनी, होळी झाली की परत हं," वन्सं म्हणाल्या. "सोन्यासाठी साठवलेत."

तीनशेवीस पोळ्या लाटल्या. पहिलंच दार जोशीबाईंचं.

"अहो, मी चार सांगितल्या होत्या. आमच्याकडे माणसं दोन आहेत, पंगती नाहीत!"

पुढच्या सहा दारांवरही हेच. डबे घेऊन घरी आले ती फणफणत. "तुझ्या शीटनं फसवलं!"

मंदारने टॅब उघडला. "आई, कुणी काय बदललं ते यात दिसतं. चार वाजून दहा मिनिटांनी तुझं नाव आहे."

"तेव्हा मी ओटा पुसत होते!"

"...आणि टॅब?"

मी डबे ओट्यावर मांडायला लागले.

"आई, वरच्या चौकटीचं टोक धरून खाली ओढलं की तोच आकडा खालच्या सगळ्यांना लागतो."

हा कुठला न्याय? आमच्या शाळेत पाटी पुसली की आकडे जायचे. ही पुसली की वाढतात!

आठवडाभर आम्ही पुरणपोळीच खाल्ली. वन्संचा रोज फोन, "वहिनी, सोनं महाग होतंय!" चैत्रभर पापड लाटून विकले, आणि अक्षय्य तृतीयेला शेवटचे पाचशे त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी दोनदा मोजले. फिटले, एकदाचे सगळे!

मंदार म्हणाला, "शीटमध्ये लिहू?"

म्हटलं, "लिही. पण थांब, आधी मला हातातलं फडकं खाली ठेवू दे."